'मार्गे' कुठं गेलं?

आपल्या कॉलेजच्या प्रोजेक्ट एक्झिबिशनमध्ये दरवर्षी दोन-तीन तरी 'मूव्हिंग मेसेज डिस्प्ले' असतातच. लाल एलईडी, मागे एक मायक्रोकंट्रोलर, वायरींचा गुंता आणि पट्टीवरून उजवीकडून डावीकडे सरकत जाणारं 'वेलकम टू आवर डिपार्टमेंट'. एक्स्टर्नल येतात, "रिफ्रेश रेट किती?" विचारतात, मुलं घडाघडा सांगतात, मार्क्स मिळतात, आणि डिस्प्ले लॅबच्या कपाटावर जाऊन पडतो. पण "हे वाचणार कोण? किती लांबून? आणि वाचून त्याला करायचंय काय?" असं एकाही एक्स्टर्नलने विचारलेलं मी अजून ऐकलेलं नाही. माझ्या मते ओरलचा पहिला प्रश्न हाच असायला हवा. कारण उद्या याच पोरापोरींमधलं कुणीतरी स्टेशनवरचे, स्टँडवरचे, बसमधले बोर्ड बनवणार आहे, आणि ते बोर्ड वाचायला हजारो माणसं माना वर करून उभी राहणार आहेत.

हे मला सुचायला एक कारण आहे. मी डोंबिवलीची आणि कॉन्व्हेंटची. मराठी घरात बोलते, पुस्तकं वाचते, पण पाटी वाचायची वेळ आली की माझे डोळे आधी इंग्रजीकडे पळतात. इंग्रजी माझी फास्ट लोकल आणि मराठी स्लो, सगळी स्टेशनं घेत जाणारी. माझी रूममेट गडहिंग्लजकडची. तिचं बरोबर उलटं. एकाच बोर्डाखाली आम्ही दोघी उभ्या राहिलो तर एक बोर्ड दोन वेगवेगळ्या वेळी 'वाचून होतो'. बोर्ड बनवणाऱ्याने यातल्या कुणाला डोळ्यांसमोर ठेवलं असेल? बहुतेकदा कुणालाच नाही, असं माझं मत होत चाललंय.

दिवाळीच्या सुट्टीआधी ती विचारत होती, "अगं, अंबरनाथला आत्याकडं जायचंय. दादरला उतरल्यावर कुठली गाडी पकडू?" मी मध्य रेल्वेवर वाढलेली, त्यामुळे उत्तर तोंडपाठ. म्हटलं, "इंडिकेटरवर 'ए' लागलं की अंबरनाथ. 'बीएल' म्हणजे बदलापूर, ती पण चालेल. 'एस' म्हणजे कर्जत, ती पण जाते. 'केपी' खोपोली, तीही. पण 'के' लागलं तर कल्याणलाच संपते. आणि 'एन' चुकूनही पकडू नकोस, ती कसाऱ्याला जाते."

"कसाऱ्याला 'एन' का गं? आणि कर्जतला 'एस'?"

तर कल्याणच्या पुढे लाइन फुटते. एक फाटा टिटवाळा, आसनगाव करत कसाऱ्याला जातो, तो उत्तरेकडचा म्हणून 'एन'. दुसरा उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर, नेरळ करत कर्जतला, तो दक्षिणेकडचा म्हणून 'एस'. समजलं की अगदी सोपं आहे! पण समजावून सांगायला माझ्यासारखी एखादी सोबत लागते. रूममेट म्हणाली, "हे इंडिकेटर आहे का एम-थ्रीचा पेपर?"

तिच्या चेष्टेत खरा मुद्दा आहे. ती अक्षरं वाईट नाहीत. रोज जाणाऱ्याला ती उत्तम आहेत. जिना उतरता उतरता लांबून एक मोठं अक्षर दिसलं की पाय आपोआप जोरात पडतात. पण रोज जाणाऱ्याला तशी इंडिकेटरची गरज कमीच असते. त्याला आठ बावन्नची कुठे लागते, तिला किती गर्दी असते, सगळं पाठ असतं. बोर्डाची खरी गरज असते ती पहिल्यांदा आलेल्याला, आणि नेमकं त्यालाच तो बोर्ड सर्वांत कमी कळतो.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. इंडिकेटरच्या मोठ्या अक्षरांत गाडी कुठं *संपते* ते लिहिलेलं असतं. तुम्ही प्लॅटफॉर्मवर पाच मिनिटं नुसतं कान देऊन उभे राहा. "ही कुठं संपते?" असं कुणी विचारत नाही. विचारतात ते, "ही ठाण्याला थांबते का?" "ही अंबरनाथला जाते का?" "हिला दिवा आहे का?" गाडीचा शेवट मोटरमनच्या आणि गार्डच्या कामाचा. प्रवाशाला स्वतःचं स्टेशन हवं असतं. बोर्ड गाडीची ओळख करून देतो आणि प्रवासी विचारत असतो स्वतःच्या घराबद्दल.

आता आपली एसटी बघा. १ जून १९४८ ला पुणे–अहमदनगर ही पहिली एसटी धावली, तेव्हा एलईडी हा शब्दही नव्हता. पत्र्याची पाटी, पांढरा रंग, वर पेंटरने ब्रशने काढलेली जाड अक्षरं. पण त्या पाटीवर एक शब्द असतो जो मला अख्ख्या प्रवासी माहितीशास्त्रातला सर्वांत हुशार शब्द वाटतो, तो म्हणजे 'मार्गे'. कोल्हापूर–सांगली मार्गे जयसिंगपूर. कोल्हापूर–रत्नागिरी मार्गे मलकापूर. मलकापूरच्या म्हाताऱ्याला रत्नागिरीशी काही देणंघेणं नाही, त्याला 'मलकापूर' दिसलं की पुरे, तो पिशवी उचलतो. सोबत 'विनाथांबा' किंवा 'विनावाहक' असेल तर आपल्या गावाला ही थांबणार नाही हेही आपसूक कळतं. तीन-चार शब्दांत गाडी कुठं जाते, कुठून जाते आणि कुठं थांबत नाही, सगळं सांगून झालं. पाटी हुकावर उलटी टांगलेली असली तर मात्र देवच वाली, ते सोडा.

पत्र्यावरून एलईडीवर येताना हा 'मार्गे' बऱ्याच ठिकाणी गळून पडला किंवा बारीक होऊन खालच्या सरकत्या ओळीत गेला. तांत्रिक अडचण म्हणाल तर शून्य! जागा जास्त आहे, मेमरी जास्त आहे. अडचण अशी की कंट्रोल रूममध्ये गाडीची नोंद 'कुठून सुटली, कुठं संपली' अशी असते, आणि डेटाबेसमध्ये जे असतं तेच उचलून बोर्डावर टाकलं जातं. मधल्या माणसाने प्रवाशाच्या बाजूने त्याचं भाषांतर करायचं असतं. तो मधला माणूस म्हणजे आपण, इंजिनीअर. आणि आपल्या सिलॅबसमध्ये हे कुठल्याच युनिटला नाही.

मार्च महिन्यात जर्नलं लिहून हात दुखायला लागले तेव्हा मी आणि रूममेटने ग्राफ पेपरवर एक खेळ सुरू केला. इंग्रजी कॅपिटल अक्षर पाच बाय सात ठिपक्यांत आरामात बसतं, हे सेकंड इयरला सगळ्यांनीच पाहिलंय. मग सात ओळींत 'कुर्ला' लिहून दाखवायचं. करून बघाच! रफाराला वर दोन ओळी, शिरोरेषेला एक, खाली उकाराला दोन. 'क' आणि 'ल' साठी उरल्या दोन ओळी, त्यात मुंगीसुद्धा उभी राहणार नाही. म्हणून देवनागरीला साधारण सोळा ओळी घेतात, पण तिथंही गंमत तीच. बोर्डची उंची तेवढीच, पण इंग्रजी अक्षर ती बहुतेक सगळी वापरतं आणि मराठी अक्षराच्या मूळ अंगाला जेमतेम निम्मी मिळते. बाकीची उंची काना-मात्रा-वेलांटीसाठी राखीव. म्हणजे एकाच बोर्डवर मराठी नेहमी इंग्रजीपेक्षा बारीक दिसणार, आणि लांबून वाचताना आधी मराठीच पुसट होणार.

लांबून म्हणजे किती? यासाठी मोठं संशोधन नको, बारावीची ट्रिग्नॉमेट्री पुरते. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जो तक्ता असतो, त्यात निरोगी डोळ्याला वाचता येणारं सर्वांत लहान अक्षर डोळ्याशी पाच मिनिटांचा कोन करतं. मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग. तीस मीटरवरून हे गणित केलं तर अक्षराची उंची येते साधारण ४४ मिलिमीटर. पण हे कुणासाठी? चांगल्या उजेडात, खुर्चीवर निवांत बसलेल्या, शून्य नंबरच्या माणसासाठी. आता त्याच्या जागी मोतीबिंदू झालेल्या काकू घ्या, हातात दोन पिशव्या द्या, मागून धक्के द्या आणि बोर्डवर दुपारचं ऊन टाका. माझ्या मते त्या ४४ ला सरळ तीनने गुणावं, आणि हे मोजमाप मराठी अक्षराच्या मूळ अंगाचं धरावं, वेलांटीसकट नव्हे. वेलांटीसकट मोजून 'स्पेसिफिकेशन पूर्ण' म्हणणारे आपल्यातच पुष्कळ निघतील.

(जाता जाता, अशा बोर्डचा मोबाइलवर फोटो काढला की त्यात काळे पट्टे येतात, त्याला बोर्ड बिघडला समजू नका. ओळी एकेक करून पेटवतात, आपल्या डोळ्याला ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. फर्स्ट इयरच्या मुलांनी हे ओरलसाठी लक्षात ठेवावं.)

भाषेबद्दल बोलायचं तर जरा जपूनच बोलावं लागतं, पण बोलते. अनेक बोर्डांवर गाडीचं नाव आधी मराठी, मग हिंदी, मग इंग्रजी असं फिरत राहतं. 'कल्याण'. मग 'कल्याण'. मग इंग्रजीत कल्याण. पहिल्या दोन्हींत फरक शोधून दाखवणाऱ्याला माझ्याकडून मेसमधला गुलाबजाम! शीव–सायन सारखे अपवाद आहेत, पण बहुतेक स्टेशनांची नावं दोन्ही भाषांत एकच आणि लिपीही एकच. समजा प्रत्येक भाषेला पाच सेकंद दिले, तर पंधरा सेकंदांच्या चक्रात इंग्रजीच वाचू शकणाऱ्या माणसाला नाव चुकलं की दहा सेकंद थांबावं लागतं. मधल्या स्टेशनवर लोकल अर्धा मिनिटही धड थांबत नाही. तेवढ्यात ती सुटते.

यावर उपाय रेल्वेकडे केव्हापासूनच आहे. स्टेशनच्या टोकाला ती पिवळी पाटी असते ना, काळ्या अक्षरांची? तिच्यावर सगळ्या भाषा एकाच वेळी असतात, एकाखाली एक, न हलता. ज्याला जी ओळ हवी ती त्याने वाचावी. (समुद्रसपाटीपासूनची उंचीही असते, तिचा मला अजून एकदाही उपयोग झालेला नाही, पण वाचल्याशिवाय राहवत नाही.) तसंच बोर्डवर देवनागरी एकदा, रोमन एकदा, दोन्ही स्थिर, आणि बाकीचा वेळ व जागा 'मार्गे'ला. मराठीचा मान त्याने कमी होत नाही, उलट ती सारखी जाऊन-येऊन करण्याऐवजी कायम तिथं राहते. हलणारं अक्षर जाहिरातीला ठीक आहे. ज्याला गाडी पकडायचीय त्याला ते हलायला नको.

खरं तर सर्वांत चांगल्या काही सूचना अक्षरांशिवायच्या असतात. मुंबईत लेडीज आणि फर्स्ट क्लासचा डबा जिथं थांबतो तिथं रंगीत तिरके पट्टे मारलेले असतात. ना वीज, ना भाषा, ना दुरुस्ती. आम्ही मुली त्या पट्ट्यांच्या भरवशावर उभ्या राहतो. फक्त गाडी बारा डब्यांची की पंधरा हे आधी कळलं पाहिजे, नाहीतर पळापळ. म्हणून डब्यांचा आकडा बारीक कोपऱ्यात टाकायची गोष्ट नव्हे.

आता वेळ. 'सुटण्याची वेळ १६.३०' आणि 'आता १७.१०' या दोन गोष्टी एकाच स्क्रीनवर शेजारी-शेजारी मी स्वतः पाहिल्यात, गाडीचा पत्ता नव्हता. कुठला स्क्रीन ते सांगत नाही. पडदा मोठा, रंगीत, झकास होता. दर दोन मिनिटांनी त्यावर जाहिरात यायची आणि तेवढ्यात गाड्यांची यादी पुसली जायची. लोक काय करत होते? पडद्याकडे पाठ करून चौकशीच्या खिडकीसमोर रांग लावून उभे होते! आत बसलेले काका तेच ते उत्तर देऊन वैतागले होते आणि शेवटी माइकवर ओरडत होते. रात्री होस्टेलचं गेट बंद व्हायच्या आत पोचायचं असेल तर 'गाडी उशिरा आहे, पावणेसहाला येईल' एवढं एक वाक्य सोन्यासारखं असतं. दुसरी गाडी बघता येते, रेक्टरना फोन करता येतो. उशीर सहन होतो हो, पण बोर्ड वेळापत्रक म्हणत बसला की माणूस हलूही शकत नाही. बंद पडलेला बोर्ड निदान खोटं तरी बोलत नाही.

डिस्प्ले चांगला की वाईट हे मोजायला सर्व्हे फॉर्म वगैरे भानगडी नकोत असं मला वाटतं. त्याच्याखाली तासभर उभं राहायचं आणि तिथं उभ्या असलेल्या माणसाला किती जण "ही कुठली गाडी?" विचारतात ते मोजायचं. बदल करायचा, पुन्हा मोजायचं. चौकशीच्या खिडकीची रांग हे त्या बोर्डचं मार्कशीट आहे.

आणि हा काही नुसता सोयीचा प्रश्न नाही. दादरला पश्चिम आणि मध्य रेल्वेचे प्लॅटफॉर्म एकमेकांना चिकटून, आणि वर्षानुवर्षं दोन्हीकडे नंबर एकपासून सुरू. "तीन नंबरवर भेट" म्हटलं की दोघं दोन तीन नंबरांवर उभे! ९ डिसेंबर २०२३ पासून पश्चिमचे १ ते ७ तसेच ठेवून मध्यचे ८ ते १४ केले. ना नवा सर्व्हर, ना सेन्सर, फक्त आकडे नीट लावले. मला हे त्या वर्षातलं उत्तम इंजिनीअरिंग वाटतं.

उलट उदाहरण आठवलं की अंगावर काटा येतो. १५ फेब्रुवारी २०२५ च्या रात्री नवी दिल्ली स्टेशनवर कुंभमेळ्याला निघालेल्या गर्दीत चेंगराचेंगरी झाली, १८ माणसं गेली. दिल्ली पोलिसांनी तेव्हा सांगितलं की 'प्रयागराज एक्सप्रेस' आणि 'प्रयागराज स्पेशल' या सारख्या नावांमुळे गोंधळ झाला. एकीची गर्दी १४ नंबरवर उभी, दुसरीची घोषणा १६ नंबरची, आणि आपलीच गाडी तिकडे लागली असं समजून लोक धावले. रेल्वेमंत्र्यांनी नंतर संसदेत दिलेल्या उत्तरात कारण वेगळं आहे, एका प्रवाशाच्या डोक्यावरचं मोठं ओझं पडलं आणि जिन्यावर लोक अडखळले. नेमकं काय ते ठरवणारी मी कोण? पण एकाच गावाला, एकाच रात्री, एकाच स्टेशनवरून जाणाऱ्या दोन गाड्यांची नावं एका शब्दाने वेगळी असू नयेत, हे म्हणायला चौकशी समितीची गरज नाही. लॅबमध्ये दोन व्हेरिएबलना 'टेम्प' आणि 'टेम्प१' नाव दिलं तरी सर ओरडतात.

"आता मोबाइलवर सगळं दिसतं, बोर्ड हवेत कशाला?" असं आमच्या वर्गातल्या मुलांचं म्हणणं. ॲप मीही वापरते. पण दोन्ही हातांत सामान असलेल्या, बॅटरी संपलेल्या, डेटा पॅक नसलेल्या माणसाने काय करायचं? शिवाय बोर्ड सगळ्यांना एकाच वेळी एकच गोष्ट सांगतो. गर्दीला एकाच दिशेला शांतपणे वळवायचं असेल तर प्रत्येकाच्या हातातल्या वेगवेगळ्या पडद्यांनी ते होत नाही.

तर थर्ड इयरच्या मिनी प्रोजेक्टसाठी विषय शोधणाऱ्या मित्रमैत्रिणींनो, आपल्या गेटसमोरच्या थांब्यावरून दिवसभरात ज्या गाड्या जातात त्यांचा बोर्ड करा. 'वेलकम टू आवर डिपार्टमेंट' काढून टाका. कुठं संपते ते बारीक, मार्गे काय ते मोठं. सरकवू नका. वेळ कळत नसेल तर 'माहिती नाही' असं लिहायची सोय ठेवा. आधी पुठ्ठ्यावर स्केचपेनने लिहून गेटवर टांगा, वॉचमन काकांना दिवसातून किती जण विचारतात ते त्यांनाच विचारा, मग सोल्डरिंग गन हातात घ्या.

आमचे ग्राफ पेपर लायब्ररीत मराठी विभागाच्या फाइलमध्ये ठेवलेत. 'कुर्ला', 'टिटवाळा' आणि 'जयसिंगपूर' सोळा ओळींत व्यवस्थित बसलेत. 'छत्रपती' मधला 'त्र' अजून नीट ओळखू येत नाही. कुणाला जमला तर तिथंच खाली पेन्सिलीने काढून ठेवा.